कर्ण्याने ऐकलेली ओ

मित्रांनो, कानांवर हात ठेवू नका. मी एक जुना कर्णा आहे, पण आता माझ्या पोटात वीज नाही. एके काळी मी बोलायला लागलो की किनमेन बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरची कुत्री भुंकायची थांबायची आणि कोंबड्या खुराड्यात पळायच्या. आज माझ्या तोंडात चिमण्यांचा संसार आहे. त्यांची पिल्लं माझ्याकडूनच ओरडायला शिकली, असं मी मनाशी धरून चालतो. म्हातारपणी एवढा तोरा चालतो.

पण ही गोष्ट सांगायची म्हटली की माझा गंजका पत्रा अजूनही थरथरतो. कारण मी आयुष्यभर नुसता बोललो नाही, एकदा ऐकलंसुद्धा. कर्ण्याला ऐकू येतं हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मलाही ते उशिराच कळलं.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. पत्रा वाकवून, ठोकून, त्याला माझ्या तोंडाचा आकार दिला आणि वर हिरवा रंग फासला. एका कामगाराने मला वीज जोडून सहज म्हणून हाक मारून पाहिली, तर तो स्वतःच दचकून मागे सरला. सगळे हसले. मला वाटलं, चला, आपल्याला कुठल्या तरी जत्रेत नाहीतर शाळेच्या मैदानावर लावणार. मुलं शर्यती धावतील आणि मी त्यांची नावं पुकारीन. त्या आनंदात मी जहाजाच्या पोटात बसून सगळा समुद्र ओलांडला.

बाहेर काढलं तेव्हा समोर ना जत्रा, ना मैदान. समुद्राकडे तोंड करून उभी असलेली एक जाड सिमेंटची भिंत होती. तिच्यात गोल खोबण्या होत्या आणि एकेका खोबणीत एकेक कर्णा बसवत होते. मी वरच्या ओळीत, अगदी कडेला बसलो. तिथून सगळं दिसायचं.

त्या काळी जगात दोन थोरले होते, अमेरिका आणि रशिया. एकमेकांच्या अंगावर जायची दोघांनाही धास्ती, म्हणून त्यांचं भांडण धाकट्यांच्या अंगणात चालायचं. आमचं बेट आणि पलीकडचा किनारा मुळात एकाच देशाचे, पण आपसातल्या लढाईने दुभंगलेले. बेटाच्या पाठीशी अमेरिका, पलीकडच्या किनाऱ्याच्या पाठीशी रशिया, आणि मध्ये एवढीशी खाडी. ओहोटीला तर पलीकडच्या वाळत घातलेल्या चादरी दिसायच्या. तोफांनी घरं पडतात, पण मनं पडत नाहीत. मनं पाडायला आम्हाला आणलं होतं.

आणि काय सांगू, मला ते काम फार आवडलं. खोटं कशाला बोलू? खालच्या खोलीत कुणी ओठ हलवावेत आणि आमच्या तोंडून असा गडगडाट व्हावा की खाडीतल्या होड्या डुलाव्यात. माझी छाती भरून यायची. “पलीकडच्या सैनिकहो, बंधूंनो, इकडे या. इथं भात आहे, मांस आहे, साखर आहे,” असं आम्ही ओरडायचो. आमचं संपलं की समोरच्या टेकडीवरचा भोंगा सुरू व्हायचा. तो रशियाहून आला होता म्हणे. आवाज घोगरा, पण दम दांडगा. तो काय म्हणायचा? “बेटावरच्या सैनिकहो, बंधूंनो, इकडे या. इथं भात आहे, मांस आहे, साखर आहे.”

खाली कालवं काढणाऱ्या बाया खो खो हसायच्या. त्यांच्या घरी तिन्ही त्रिकाळ रताळ्याची पेज असायची.

एक दिवसाआड पलीकडून तोफगोळे यायचे. त्यांत दारूगोळ्याऐवजी कागद भरलेले असायचे, छापील चित्रांचे, गोड गोड मजकुराचे. ते उचलायला बंदी होती. चेंडू बाळगायलासुद्धा बंदी होती, कारण चेंडू पोटाशी धरून माणूस पोहत पलीकडे जाईल. अशा जागी माझ्यासारख्या ओरडणाऱ्याला भलताच मान होता. राजधानीतून मोठे साहेब आले की माझ्या पत्र्यावर थाप मारून माझ्याबरोबर फोटो काढायचे. मी फुगायचो. समोरच्या भोंग्याचे फोटो कुणी काढत असेल का, याचीच मला चिंता.

आमच्या भिंतीच्या पोटातल्या खोलीत बसून बोलायची ती आतिन. गावातलीच पोरगी, तरतरीत, शाळेत पहिली येणारी. सरकारी भाषा आणि गावची बोली, दोन्ही तिला सारख्याच सफाईने यायच्या. घसा बसू नये म्हणून ती शेंगदाण्याची चिक्की गालात धरून ठेवायची आणि बोलायची वेळ आली की पटकन गिळायची. तिचा वरिष्ठ होता मेजर गाओ. हा पलीकडच्या मुलखातला, आत दूरवरच्या डोंगराळ प्रांतातला माणूस. सैन्याबरोबर हटत हटत या बेटावर आलेला. त्याला समुद्र आवडत नसे आणि कालवं तर पाहवत नसत. पण माणूस वाईट नव्हता. मजकुरात खाडाखोड करताना तो नेहमी कागदाशीच भांडायचा.

आता लान काकूकडे येतो, कारण गोष्ट तिची आहे.

माझ्या अगदी समोर, चिखलात उभे केलेले दगड होते. त्या दगडांवर कालवं धरतात. ओहोटी लागली की गावच्या बाया तोंडाला फडकी बांधून, कोयत्या घेऊन चिखलात उतरायच्या. त्यांत लान काकू सगळ्यांत पुढे, सगळ्यांत खोल पाण्याकडे. तिचे दगड तिथे होते म्हणून, असं ती सांगायची. मला वरून दिसायचं की काम करताना ती दर थोड्या वेळाने मान वर करून पलीकडे बघते.

पलीकडे तिचा नवरा होता. किंवा नव्हता. हेच तर तिला माहीत नव्हतं.

त्याचं नाव बुनसेंग. पण आमच्या गावात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, ‘आमचं माकड’ म्हणतात. प्रत्येकीच्या घरात एक माकड. तर लान काकूचं माकड एके सकाळी घरची कढई पाठीला बांधून होडीने पलीकडे गेलं. कढईला भोक पडलं होतं आणि चांगला लोहार पलीकडच्या शहरातच होता. संध्याकाळच्या भरतीला परत यायचं, असं ठरलं होतं. त्याच दिवशी लढाई पेटली आणि खाडी बंद झाली. पत्र पाठवायची सोय नाही, निरोप द्यायची सोय नाही. पलीकडे माणूस आहे असं मोठ्याने बोलायचीही चोरी. काकूचं लग्न होऊन तेव्हा जेमतेम दोन पावसाळे झाले होते. मी भिंतीत बसलो तोवर तिच्या कानांमागचे केस पांढरे व्हायला लागले होते.

गावात एक रीत होती, ती नीट लक्षात ठेवा. ओहोटी संपून पाणी उलट फिरलं की कालववाल्यांपैकी जी सगळ्यांत पुढे असेल ती हाक मारायची, “पाणी फिरलं, चला घरी!” मग मागची प्रत्येक जण एकेक करून ओ द्यायची. सगळ्यांची ओ आल्याशिवाय कुणी चिखल सोडायचा नाही. ओ आली नाही तर जाऊन बघायचं. चिखलात पाय रुतलेली बाई भरतीच्या तावडीत सापडायला वेळ लागत नाही. ही हाक रोज लान काकूची असायची. मला सरळसोट सांगितलं पाहिजे, तिच्या गळ्यापुढे मी काहीच नव्हतो. मला तरी वीज लागायची.

एका वर्षी हिवाळ्यात समोरच्या भोंग्याने एक नवीनच डाव टाकला. आमच्या एका सैनिकाच्या म्हाताऱ्या आईला शोधून त्यांनी तिला बोलायला बसवलं. “बाळा, परत ये रे,” एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. आमच्या खंदकांत कुणी त्या दिवशी जेवलं नाही. मेजर गाओही जेवला नाही. त्याची आई पलीकडेच कुठे तरी होती. वरून हुकूम आला, उत्तर द्या, खऱ्याखुऱ्या माणसाच्या आवाजात द्या. पलीकडे दुष्काळ पडला आहे अशा बातम्या येत होत्या. तेव्हा एखाद्या गृहिणीला बसवा आणि आपण काय काय जेवतो ते ऐकवा.

आतिन दुसऱ्याच ओहोटीला चिखलात उतरली. माझ्या खालीच दोघींचं बोलणं झालं.

“काकू, तुझं ते कालवांचं धिरडं सांगायचं. बस्स, एवढंच. साहेब माणसं पाठवतील, चूल इथंच मांडू.”

लान काकूने कोयती थांबवली नाही. “पलीकडे माणसं उपाशी आहेत म्हणतात ना?”

“हो.”

“मग उपाशी माणसाला धिरड्याचा वास द्यायचा? आतिन, तुझी आई मला भेटू दे, सांगते तिला तू काय काय शिकलीस ते.”

“काकू, ऐक तर. आवाज पार शहरापर्यंत जातो,” आतिन खालच्या आवाजात म्हणाली. “गावच्या बोलीत बोलायचंय. तुझ्याच आवाजात.”

कोयती थांबली. काकूने मान वर करून पलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. एवढी वर्षं मी रोज तिच्या डोक्यावर ओरडत होतो, पण तिने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला असता, पत्रा नसतो तर.

“मला पाढा लिहून देऊ नका,” ती म्हणाली. “मला वाचता येत नाही, आणि येत असतं तरी तुमचं वाचलं नसतं.”

ठरल्या दिवशी भिंतीच्या पोटात चूल पेटली. छावणीतून एक मोठा चपटा टोप आणला होता, कारण कढई काकूकडे नव्हती. डुकराची चरबी टोपात पडली आणि तिचं चरचरणं आमच्या सगळ्यांच्या तोंडून असं गरजलं की गावाची राखण करायला वेशीवर बसवलेल्या दगडी सिंहालाही भूक लागावी. मी इतका उत्तेजित झालो होतो की माझा एक खिळा सैल झाला. मग काकूचा आवाज आला. साधा, घरातला, जरा चिडका.

“कालवं धुवा, पण फार धुऊ नका, चव जाते. रताळ्याचं पीठ भिजवा. दाट भिजवा. आमचं माकड कायम पातळ भिजवायचं, आणि मग उलटताना धिरड्याचे तुकडे व्हायचे. वर लसणाची पात घाला. हा टोप माझा नाही. माझी कढई एक जण दुरुस्त करायला घेऊन गेला. चुलीवर तिची जागा मोकळी आहे. चरबी तापली की…”

मेजर गाओ काचेपलीकडून खूश होऊन मान डोलवत होता. असं अस्सल कुणाला लिहिता आलं असतं? आतिन मात्र घाबरून गेली होती, असं तिने नंतर सांगितलं. गावात सगळ्यांना कढईची गोष्ट माहीत होती. साहेबाला नव्हती.

धिरडं झालं. काकूने विस्तव सारला. आणि मग तिच्या हातून चूक झाली. पाणी फिरायची वेळ झाली होती. रोजच्या सवयीने, समोर सरकारी माईक आहे हे विसरून, तिने मान वर केली आणि पोटातून हाक मारली, “पाणी फिरलं, चला घरी!”

मित्रांनो, ती हाक मी मारली. मी आणि माझे सगळे भाऊ. असा आवाज आम्ही त्याआधी कधी काढला नव्हता आणि त्यानंतरही कधी नाही. चिखलातल्या बाया चमकल्या आणि एकामागून एक ओ देत सुटल्या. ओ, ओ, ओ. सगळा किनारा ओ देत होता. मग त्या गप्प झाल्या. लान काकू खोलीतून बाहेर आली आणि भिंतीशी उभी राहून खाडीकडे बघत राहिली. पलीकडून काही आलं नाही. समोरचा भोंगासुद्धा मुका होता.

त्यानंतरचे दिवस मला फार जड गेले. काकू रोज चिखलात यायची, काम करायची, हाक मारायची. समोरचा भोंगा भात, मांस आणि साखरेवर परत आला होता. एक बाई काकूला म्हणाली, “अगं, एवढा सगळा समुद्र मध्ये, त्याला कुठून ऐकू गेलं असेल?” काकू म्हणाली, “मला एवढंच कळू दे की ऐकायला कान शिल्लक आहेत की नाहीत. मग नाही आला तरी चालेल.” तिने तोंडावरचं फडकं नीट केलं आणि परत दगडाला भिडली. मी आयुष्यात पहिल्यांदाच समोरच्या भोंग्याची वाट बघत होतो. बोल रे घोगऱ्या, बोल.

आणि एका दुपारी तो बोलला.

ओहोटी ऐन भरात होती. त्यांच्या बाईने आधी आपलं रोजचं पाठ केलेलं म्हटलं. मग ती म्हणाली की बेटावरचे लोक खाण्याच्या बढाया मारतात, तर आता आमच्या होड्यांच्या कारखान्यातल्या खानावळीचे आचारी तुम्हाला खरं कालवांचं धिरडं ऐकवतील. खोकल्याचा आवाज आला. आणि मग एक पुरुष बोलायला लागला, गावच्याच बोलीत.

“धिरडं पीठ पातळ भिजवल्याने तुटत नाही. तसं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. कढईला भोक असलं की चरबी गळते आणि धिरडं तळाला धरतं. दोष कढईचा होता. ती कढई दुरुस्त झाली आहे. कधीचीच झाली आहे. मी ती दुसऱ्या कुणाला वापरू देत नाही. आणि पाणी फिरल्याचं मी ऐकलं. ओ!”

भोंगा खाडकन बंद झाला. कुणी तरी तार ओढली असणार.

चिखलात एकही कोयती हलत नव्हती. लान काकू होती तिथेच मटकन चिखलात बसली, कमरेपर्यंत रुतली. दोघी जणी धावल्या, त्यांना वाटलं तिला काही झालं. त्यांनी तिला ओढून उभं केलं तर ती हसत होती, डोळ्यांतलं पाणी चिखलाच्या हाताने पुसत होती, त्यामुळे सगळं तोंड काळं झालं होतं.

“ऐकलंत ना?” ती म्हणाली. “ऐकलंत? अजून चूक कढईवर ढकलतोय मेला.”

तुम्हाला काय सांगू, माझा जीव भांड्यात पडला, आणि तोही त्या कढईतच पडला असणार. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. पण कर्ण्याचं दुर्दैव असं की आनंद झाला तरी वीज दुसऱ्याच्या हातात असते.

वीज ज्यांच्या हातात होती ते दोनच दिवसांत आले. राजधानीतून एक तपासनीस आला, फांग नावाचा, पातळ ओठांचा. त्याने भिंतीच्या सावलीत टेबल मांडलं आणि आतिन, मेजर गाओ आणि लान काकू या तिघांना समोर उभं केलं. शत्रूशी बोलल्याचा आरोप म्हणजे त्या काळी खेळ नव्हता. त्यासाठी माणसं वर्षानुवर्षं कोठडीत जायची, काही परतही येत नसत. आतिनच्या गालात त्या दिवशी चिक्की नव्हती.

“कढई म्हणजे रडार,” फांग म्हणाला. “भोक म्हणजे आपल्या तटबंदीतली फट. पीठ पातळ म्हणजे आपलं सैन्य विरळ. आणि पाणी फिरलं म्हणजे हल्ल्याची वेळ. बरोबर ना?”

लान काकूने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याला ताप आहे. “साहेब, तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं?”

“प्रश्न मी विचारतो.”

“मग जेवून तरी बघा. धिरडं म्हणजे काय तोफखाना आहे होय?”

मेजर गाओ मध्ये पडला. तो म्हणाला, “हिच्या घरची चूल बघू या.” ते सगळे गावात गेले. मी इथून हललो नाही, पण आतिनने परत येऊन माझ्या खाली बसून एका मैत्रिणीला सगळं सांगितलं, हुंदके देत आणि मध्येच हसत, म्हणून मला ठाऊक आहे. काकूच्या घरी मातीची जुनी मोठी चूल होती, दोन तोंडांची. लहान तोंडावर पेजेचं मडकं. मोठ्या तोंडावर कढई बसेल असा गोल, आणि त्यावर लाकडाचं झाकण. फांगने झाकण उचललं. आत ना काजळी, ना राख. लिंपण इतकं ताजं आणि स्वच्छ की कुणी सकाळीच हात फिरवला असावा. दर सणाला काकू ती जागा सारवत होती. कढई आली की लगेच बसवता यावी म्हणून.

फांग त्या मोकळ्या गोलाकडे बघत राहिला. मेजर गाओने त्याला म्हटलं, “कढईच आहे हो. मला माझ्या आईची चूल आठवते, तीसुद्धा अशीच होती.” आणि तो बाहेर अंगणात जाऊन पाठमोरा उभा राहिला.

कोठडी टळली. पण गावच्या बोलीतला कार्यक्रम बंद झाला आणि लान काकूला भिंतीच्या खोलीत पाऊल ठेवायलाही मनाई झाली. पलीकडचा आचारी पुन्हा कधी बोलला नाही. त्याचं काय झालं ते कुणाला कळलं नाही. मेजर गाओने मात्र एक गोष्ट केली. रोजचं आमचं बोलणं संपताना आतिनने गावच्या बोलीत एक वाक्य म्हणायचं, असं त्याने वरून मंजूर करून घेतलं. शत्रूला घरी बोलावणारं जोरदार वाक्य आहे, असं त्याने वर कळवलं. ते वाक्य होतं, “पाणी फिरलं, चला घरी!”

वर्षामागून वर्षं मी ती हाक मारली. आधी आतिनच्या गळ्याने, नंतर तिच्या जागी आलेल्या मुलींच्या. ओ आली नाही. खाली लान काकूचे केस पुरते पांढरे झाले. तिला एकच ओ मिळाली होती आणि तिच्यावर ती जगत होती. रोज मान वर करून बघायची, पण आता तिच्या बघण्यात प्रश्न नव्हता.

मग जग बदललं. थोरल्यांची भांडणं दुसरीकडे गेली, तोफा थांबल्या, आणि एके दिवशी खालच्या खोलीतली वीज काढून नेली. मला कुणी सांगितलंही नाही. सकाळ झाली, मी बोलायला तोंड उघडलं आणि आवाजच नाही. समोरचा घोगराही गप्प झाला. वारा खारा, पत्रा जुना. माझा रंग उडाला, खिळे गंजले, चिमण्या आल्या. ज्यांनी थाप मारून फोटो काढले होते त्यांपैकी एकही जण फिरकला नाही. मी खूप रुसलो होतो, मित्रांनो. एवढं घसा फोडून ओरडलो, आणि माझ्या ओरडण्याने एक तरी माणूस तिकडचा इकडे आला का? नाही.

पण त्यानंतर बऱ्याच वर्षांनी खाडीतून बोट सुरू झाली. सरकारी, उघड, दिवसाढवळ्या. धक्क्यावर ढोल वाजत होते, ज्वारीच्या दारूचे पेले फिरत होते, सगळा गाव तिकडे लोटला होता. पांढऱ्या केसांची आतिन माझ्या खालून धापा टाकत गेली आणि चिखलाकडे बघून ओरडली, “काकू, चल की! पहिली बोट लागतेय!”

“ओहोटी आहे,” चिखलातून लान काकू म्हणाली. “कालवं काय माझ्यासाठी थांबतात?”

मी तिला ओळखत होतो. तिला भीती वाटत होती. बोटीत तो नसला तर, या भीतीने ती चिखलात पाय रोवून उभी होती. तिच्या मागे फक्त तीन-चार म्हाताऱ्या होत्या. तरुण पोरी आता हे काम करत नाहीत.

ढोल थांबले. बराच वेळ गेला. मग मला वरून दिसलं. धक्क्याच्या वाटेने आतिन येत होती आणि तिच्या मागे एक वाकलेला म्हातारा. त्याच्या पाठीवर काही तरी मोठं, गोल, काळं बांधलेलं होतं. लांबून वाटावं, कासव दोन पायांवर चालत येतंय. माझ्या तोंडातल्या चिमण्या फडफडून उडाल्या, इतका मी हललो. शपथेवर सांगतो, वारा नव्हता.

पाणी त्याच वेळी फिरलं. पाठमोऱ्या लान काकूने कोयती कमरेला खोचली, मान वर केली आणि आयुष्यभर मारली तशी हाक मारली, “पाणी फिरलं, चला घरी!”

मागच्या म्हाताऱ्यांनी एकेक करून ओ दिली. आणि सगळ्यांत शेवटी, चिखलाच्या काठावरून, एक जाड, थरथरती ओ आली.

काकू वळली नाही. मग ती तशीच पाठमोरी म्हणाली, “कढई आणलीस का रे माकडा?”

“आणली,” म्हातारा म्हणाला. “भोक शोधून दाखव.”

“पीठ मी भिजवणार.”

“भिजव.”

मग ती वळली.

त्या संध्याकाळी गावातून चरबी चरचरल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. वीज नसताना, कर्णा नसताना, एवढ्या लांबून. धिरडं तुटलं की नाही ते मला माहीत नाही. दोघांचं भांडण मात्र ऐकू येत होतं.

आता मला रंग देऊन, दिवे लावून, प्रवाशांना दाखवायचं चाललं आहे असं ऐकतो. द्या रंग, माझी ना नाही. फक्त चिमण्यांना हाकलू नका. आणि मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी माझ्यासारख्या कर्ण्यापाशी बसलंच, तर एक कराल का? मी सगळी हयात ओरडण्यात घालवली, पण ओरडून झाल्यावर थांबायचं असतं हे मला एका कालववालीने शिकवलं. तुम्ही हाक माराल तेव्हा ओ येईपर्यंत चिखल सोडू नका.